गडचिरोलीला जायचंय, तर आधी भाषा

प्रश्न : एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे गडचिरोलीत आदिवासी भागात काम करायचंय. आत्तापासून काय करू?

उत्तर : तिथली माडिया भाषा शिकायला लागा. नुसत्या मराठीवर भामरागडच्या आजीचं दुखणं निम्मंच कळतं, उरलेलं नातवाच्या भरवशावर. सिकलसेल, मलेरिया, सर्पदंश हे धडे परीक्षेपुरते उरकू नका. प्रसूतीच्या ड्यूट्या मागून घ्या. कारण अडलेल्या बाईला पावसाळ्यात पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवायचं म्हटलं, तर नाल्याला पूर असतो. सुट्टीत गडचिरोलीतल्याच शोधग्रामचं तरुणांसाठीचं ‘निर्माण’ शिबिर जमतंय का बघा. भामरागडजवळच्या हेमलकशाचा प्रकल्प १९७३पासूनचा; परवानगी काढून तिथल्या दवाखान्याच्या ओपीडीत कोपऱ्यात बसलात, तरी पुष्कळ. पेशंट आधी पुजाऱ्याकडे जाऊन आलेला असेल. म्हणून पेशंटला झापू नका. तापाचा कितवा दिवस, एवढंच विचारा.