पहिली कमाई, हातात ओगराळं

सोलापुरात कुठल्याही मंगल कार्यालयात शिरा, ओळखीचं माणूस भेटल्यावाचून राहत नाही. बारावीची परीक्षा आटोपून केटररकडे चार दिवस कामाला जाऊ पाहणाऱ्या मुलाच्या घरी पहिली धास्ती याचीच असते. ‘आपल्याच पाहुण्यांच्या लग्नात पोरगा वाढताना दिसला तर?’ असं विचारणारे आईबाप काम किती तास, रात्री परत कसा येणार, हजेरी किती, हे मात्र विचारायचं विसरतात. खरी चौकशी तिथंच करायला हवी.

बाकी ‘लोक काय म्हणतील’चं उत्तर याच शहराकडे आहे. सुशीलकुमार शिंदे सोलापूरच्या न्यायालयात शिपायाची नोकरी करत रात्रशाळेत शिकले; पुढे राज्याचे मुख्यमंत्री आणि देशाचे गृहमंत्री झाले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, तिचा पायाच ‘कमवा आणि शिका’ हा होता. त्यांच्या वसतिगृहांतली मुलं कष्टाची कामं करतच शिकली. चार दिवस वरण वाढल्यानं कुणाच्या घराण्याला बट्टा लागत नाही.

आता कायदा. चौदा वर्षांखालच्या मुलाला असं काम देताच येत नाही. चौदा ते अठरा या वयातल्या मुलांना धोक्याची कामं वर्ज्य आहेतच. शिवाय 1986 च्या बालकामगार कायद्यातल्या, 2016 च्या दुरुस्तीनंतर किशोरांना लागू असलेल्या तरतुदींनुसार संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत त्यांना कामावर ठेवता येत नाही. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलीनं रिसेप्शनला काउंटरवर उभं राहणं कायद्यात बसतच नाही, केटरर ओळखीचा असला तरी. अठरा पूर्ण झालेल्या मुलींसाठी महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. कायद्यानं ठरवलेल्या संख्येइतके कामगार असलेल्या ठिकाणी रात्री साडेनऊनंतर स्त्रीला थांबवायचं तर तिची संमती, सुरक्षितता आणि घराच्या दारापर्यंत वाहन, ही जबाबदारी मालकाची. हे आधी विचारण्यात उद्धटपणा नाही. केटररकडे अन्न सुरक्षा परवान्याचा चौदा अंकी क्रमांक असतो, तोही विचारावा. सरळ धंदा करणारा माणूस तो लगेच सांगतो.

चौकशी झाली की पालकांनी मागे सरावं. कार्यालयाच्या फाटकावर उभं राहून दर तासाला ‘जेवलास का?’ असा फोन केला, तर पोराचं लक्ष ताटावर कमी आणि खिशावर जास्त राहतं.

कामाच्या दिवशी सांगितलेल्या वेळेच्या थोडं आधी पोचावं आणि सुपरवायझर कोण, ते विचारून घ्यावं. नखं कापलेली, केस बांधलेले, हातात अंगठ्या-कडी नाहीत, पायात चप्पल नको, बूट. आचाऱ्याच्या भट्टीजवळची फरशी पाण्या-तेलानं निसरडी झालेली असते. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून घरून थोडं खाऊन निघावं आणि मधून मधून पाणी प्यावं. पाहुण्यांआधी जेवायला मिळेल, ही आशा सोडलेली बरी.

पंगतीत वाढणं ही मात्र शिकायची गोष्ट आहे. पान मांडताना शेंड्याकडची बाजू जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येते. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे; भाजी, आमटी उजवीकडे; भात मधे. ओगराळं ताटाला टेकवू नये, बादली पानावरून न्यायची नाही, सांडलं तर बोटानं सारखं करायचं नाही. एका माणसाशी गप्पा मारत थांबलं की पुढची रांग कोरडा भात चिवडत बसते. आग्रह एकदा करावा. पानावर आडवा हात आला की पुढं सरकावं. दुसऱ्यांदा आग्रह करायचा मान यजमानांचा. आणि शेजारी जेवत असताना आपल्या सोयीसाठी रिकामं ताट उचलायला धावू नये.

अक्कलकोट सोलापूरपासून तासाभराच्या अंतरावर आहे. स्वामी समर्थ अन्नछत्रात रोज मोठ्या गर्दीला कसं वाढलं जातं, हे एकदा जेवायला बसून नीट पाहिलं तर कितीतरी गोष्टी न सांगता कळतात.

सोलापुरी वाढप्याला आणखी एक अडचण येते, ती भाषेची. शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली घरच्या लग्नात कुणी ‘चालु’ म्हणालं, तर ते तेलुगू आहे आणि त्याचा अर्थ पुरे. मराठी पोरगं उत्साहानं वाढतच राहतं! कन्नड पाहुणे ‘साकु’ म्हणतात. एवढे दोन शब्द पाठ असले तरी पुष्कळ अन्न वाचतं.

शेंगदाण्याचं प्रकरण त्याहून गंभीर. इथल्या भाजीत, आमटीत, कोशिंबिरीत शेंगांचा कूट कुठे असेल सांगता येत नाही, आणि काहींना शेंगदाण्याची जिवावर बेतणारी अॅलर्जी असते. कुणी विचारलं तर ‘नसेल बहुतेक’ हे उत्तर चालत नाही. आचाऱ्याला विचारून यावं. जैन पाहुण्यांनी कांदा, लसूण, बटाट्याबद्दल विचारलं तरी हेच. शाकाहारी-मांसाहारी दोन्ही काउंटर असतील तर इकडचा डाव तिकडे जाता कामा नये. बुफेचं बाकी काम सोपं: भांडं अर्ध्यावर आलं की कळवायचं, गरम पदार्थाखालची आग विझू द्यायची नाही. शिजलेलं अन्न साठ अंशांच्या वर राहिलं पाहिजे, हा काही केटररचा हट्ट नाही. त्याखाली रेंगाळलं की जंतू झपाट्यानं वाढतात.

ओळखीचे काका किंवा वर्गशिक्षक समोर आले, तर ‘नमस्कार’ म्हणावं आणि वाढावं. तोंड लपवलं तर तेही अवघडतात. जिलेबी संपल्याचा राग कुणी काढला तर वाद न घालता सुपरवायझरला बोलवावं. पण कुणी दारू पिऊन अंगाशी आलं, नको ते बोललं, तर तिथून बाजूला व्हावं, लगेच सांगावं आणि गरज पडली तर काम सोडून घरी यावं. तिथे नम्रपणाचा प्रश्न येत नाही. फोन खिशातच बरा. नवरीची रील काढायला वाढप्याला कुणी बोलावलेलं नसतं.

उरलेलं अन्न विचारल्याशिवाय डब्यात भरू नये. पाहुण्यांकडून बक्षिसी मागू नये. कुणी आपणहून दिली तर ती वाटून घ्यायची की नाही, हे तिथल्या रिवाजानुसार. हजेरीचं पाकीट सुपरवायझरसमोरच मोजावं, यात कुणी वाईट वाटून घेत नाही. ठरल्यापेक्षा कमी असेल तर तिथेच, शांतपणे बोलावं.

काम आवडलं तर पुढचा रस्ताही आहे. मुंबईत दादरला 1954 पासून हॉटेल व्यवस्थापनाची संस्था आहे आणि तिथल्या पदवीसाठी राष्ट्रीय पातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. नाही आवडलं, तरी निघताना सुपरवायझरचा नंबर घेऊन ठेवावा. चातुर्मासात लग्नं थांबतात, पण तुळशीचं लग्न लागलं की केटररला पुन्हा पोरं कमी पडायला लागतात.