घोडे त्यांचे, सायकली आपल्या

2000 साली मालेगावच्या नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ केला, तेव्हा गब्बरच्या टोळीसाठी घोडे आणायचे कुठून हा प्रश्न होताच. टोळी सायकलींवर आली. पुढच्या चित्रपटांत क्रेन नव्हती म्हणून बैलगाडीच उलाळून तिच्यावर कॅमेरा चढवला, ट्रॉली नव्हती म्हणून सायकल ढकलली. कथा मुंबईची, सामान घरचं. फेब्रुवारी 2025 मध्ये आलेल्या रीमा कागती यांच्या ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’मुळे ही गोष्ट आता देशभर ठाऊक झाली आहे. मालेगावातल्या स्वयंपाकघरात मात्र नेमकं उलटं चाललंय. फोनवरची पाककृती घरात येते ती घोड्यांसकट.

गावातल्या मोसम पुलाच्या अलीकडचा असो की पलीकडचा, कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर सकाळी अकराला पाहावं. नंबर यायला वेळ असतो आणि निम्म्या फोनांतून फोडणीचा चर्र आवाज येत असतो. एका फोनवर पनीर, दुसऱ्यावर मालवणी कोंबडी, तिसऱ्यावर बिनओव्हनचा केक. नंबर लागला की आत साखर आणि रक्तदाब तपासला जातो. डॉक्टर विचारतात, “भाजीला तेल किती घालता?” उत्तर ठरलेलं असतं: “नावालाच हो, डॉक्टरसाहेब.” पलीकडच्या मोहल्ल्यातली खाला म्हणते, “बस, थोडासा.” भाषा वेगळी, माप तेच. हे ‘थोडंसं’ म्हणजे किती, ते कोणत्याही रिपोर्टात येत नाही.

म्हणून फोनवर पाककृती पाहूच नयेत, असा सल्ला कुणी डॉक्टर देत असेल तर तो चुकतो. मधुमेहाच्या रुग्णाला ‘हे बंद, ते बंद’ एवढंच सांगितलं की तो पंधरा दिवस निमूट गिलकी खातो आणि सोळाव्या दिवशी थेट किदवाई रोडवर खायला जातो. पथ्य मोडतं ते बहुतेक वेळा कंटाळ्यामुळे. त्याच गिलक्याची चटणी होते, दुधी भोपळ्याचं थालीपीठ होतं, पालक मुगाच्या डाळीत घालून घट्ट शिजवता येतो, हे कुणीतरी करून दाखवलं तर पथ्य टिकतं. परक्या घरातल्या चुलीवरून आपल्याला काही सुचणं ही जुनीच गोष्ट आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ 1875 चं, लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र’ 1910 चं. 1970 साली कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आली आणि लग्नात आहेर म्हणून दिली जाऊ लागली. मधुरा बाचल यांनी 2009 मध्ये अमेरिकेत असताना व्हिडिओ करायला सुरुवात केली. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे म्हणजे ‘आपली आजी’ नातवाच्या मदतीने 2020 मध्ये कॅमेऱ्यासमोर आल्या. शेजारणीच्या ओट्यावरून वाटी यायची, तिचीच ही पुढची पिढी.

फरक कॅमेऱ्यामुळे पडतो. कॅमेऱ्याला वास येत नाही. लसूण खमंग झाला, खोबरं नीट भाजलं गेलं, हे त्याला दाखवता येत नाही. त्याला फक्त चकाकी दाखवता येते. आणि स्वयंपाकात चकाकी येते तेलाने. म्हणून व्हिडिओतल्या भाजीवर लाल तर्री अशी बोटभर उभी असते. ती चवीसाठी कमी आणि चित्रासाठी जास्त असते. पाहणाऱ्याच्या मनात मात्र तेच माप बसतं, आणि घरच्या भाजीवर तर्री दिसली नाही तर नवरा विचारतो, “आज बिघडली का?”

शेवभाजीचंच घेऊ या, खानदेशाकडच्या या टापूत तिच्यावाचून पाहुणचार पुरा होत नाही. कांदा, सुकं खोबरं, लसूण, काळा मसाला, पळीभर तेल, वर मूठभर तिखट शेव. शेव मुळात तेलातून तळून निघालेली. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचली तर शंभर ग्रॅम शेवेत पस्तीस-चाळीस ग्रॅमपर्यंत स्निग्धांश निघतो. म्हणजे भाजीत तेल दोनदा पडतं, एकदा दिसणारं आणि एकदा न दिसणारं. ते खाऊच नये असं नाही. खोबरं तेलावर न परतता तव्यावर कोरडं भाजावं, वाटण करावं, कढईत दोन चहाचे चमचे तेलात लसूण आणि मसाला फुलवून त्यावर उकळतं पाणी ओतावं. थंड पाणी घातलं तर तवंग धरत नाही, हे इथल्या बायकांना कुणी शिकवायला नको. खोबऱ्याचं स्वतःचं तेल मंद आचेवर वर येतं आणि रंगही धरतं. शेव ताटात वाढताना घालावी, म्हणजे ती फुगून रस्सा पीत नाही आणि मूठभराऐवजी दोन चमच्यांत काम भागतं.

याच घरात एक जुना पदार्थ आहे, तो फोनवर फारसा दिसत नाही कारण दिसायला साधा आहे: डुबुक वड्या. बेसनात तिखट, मीठ, ओवा घालून सरसरीत कालवायचं आणि उकळत्या रश्शात बोटांनी सोडायचं. डुबुक, डुबुक. तेच बेसन, तोच काळा मसाला, तीच चव आणि तळण शून्य. शेवभाजी आणि डुबुक वड्यांत फरक एका कढईभर तेलाचा. साखर-रक्तदाबाच्या माणसाला पर्याय सुचवायचा तर परदेशी सॅलडच्या आधी हाच सुचवावा.

आता माप. घरातली पळी घ्यावी आणि चहाच्या चमच्याने पाणी घालून ती भरावी. चहाचा चमचा 5 मिलिलिटरचा धरतात. पळीत आठ चमचे मावले तर ती 40 मिलिलिटरची. चार माणसांच्या भाजीत दोन पळ्या पडल्या, म्हणजे एका बैठकीत माणशी 20 मिलिलिटर. माणशी महिन्याला अर्धा लिटर, दिवसाला सोळा-सतरा मिलिलिटर तेल, असा ढोबळ हिशेब आहारतज्ज्ञ सांगतात. दुपारच्या एका भाजीने दिवसाचा वाटा संपवून वर उधारीही केली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये नवी आहार-मार्गदर्शिका काढली. तिच्या दोन हजार कॅलरींच्या थाळीत दिसणारं तेल-तूप मिळून 27 ग्रॅमच्या आसपास बसतं. त्यात पोळीवरचं तूपही आलं.

मोठ्या कुटुंबांनी पळी मोजायची गरजच नाही, त्यांनी डबा मोजावा. पंधरा किलोच्या तेलाच्या डब्यात साधारण साडेसोळा लिटर तेल असतं. घरात आठ माणसं असतील आणि माणशी महिन्याला अर्धा लिटर धरलं, तर डबा चार महिने पुरायला हवा. तो दीड महिन्यात संपत असेल तर प्रत्येकाच्या पोटात रोज 45 मिलिलिटरच्या आसपास तेल जातंय, मग भाजीवर तर्री दिसो वा न दिसो. मिठाचंही असंच. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. आठ माणसांत किलोची पिशवी पंचवीस दिवसांपेक्षा कमी टिकत असेल तर चूक तिथे आहे. आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण, नान, खारी-टोस्ट यांचं मीठ धरलेलंच नाही. ते बाहेरून आलेलं.

मापाच्या बाबतीत ‘रुचिरा’ अजून उपयोगी पडते. कमलाबाईंनी ग्रॅम-औंसांच्या नादी न लागता वाटी आणि चमच्यानेच सगळं सांगितलं. फोनवरचा ‘एक कप’ मात्र फसवा. अमेरिकी कप 240 मिलिलिटरचा, आपली आमटीची वाटी बहुधा 150 च्या आसपास, आणि चहाचा कप त्याहून लहान. केकमध्ये कपभर साखर म्हटली की कुणाचा कप, हे विचारल्याशिवाय हात घालू नये. शिवाय तो पदार्थ किती जणांसाठी आहे, हे व्हिडिओत पटकन सांगून टाकलेलं असतं. थांबवून ऐकावं.

मीठ नावाने न येता दुसऱ्या वेशातही येतं, आणि ते चाखून कळत नाही. खाण्याच्या सोड्याच्या एका सपाट चमच्यात बाराशे मिलिग्रॅमहून जास्त सोडियम असतं. दिवसाची मर्यादा 2000 मिलिग्रॅम. झटपट ढोकळ्यातलं फ्रूट सॉल्ट, पापडखार, सोया सॉस, नूडल्सची पुडी, चीजची वडी, सगळे त्याच कुळातले. सैंधव मीठ ‘नैसर्गिक’ म्हणून हवं तेवढं घालणारी घरं आहेत. सैंधवही सोडियम क्लोराइडच, फक्त गुलाबी. आणि आयोडीन मुद्दाम मिसळलेलं नसेल तर तेही हातचं गेलं. गुळाचं तसंच: साखरेऐवजी गूळ घातलेला लाडू मधुमेहाला चालतो, हे फोनवर रोज ऐकू येतं. रक्तातल्या साखरेला दोघांत फारसा भेद कळत नाही.

खरी काळजी ‘आरोग्यदायी’ म्हणून येणाऱ्या पाककृतींचीच. तेलकट पदार्थ निदान तेलकट दिसतो. दुधीच्या रसाचं उदाहरण डॉक्टर वारंवार देतात, आणि द्यायलाच हवं. कडू दुधीत कुकुर्बिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात. असा रस प्यायल्यावर उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी, रक्तदाब एकदम खाली येणं असे प्रकार झाले आहेत आणि माणसं दगावलीही आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीचा या विषयावरचा अहवाल 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. सांगणं साधं आहे: रस काढण्याआधी दुधीची चकती चाखावी, कडू लागली तर फेकावी, दुसऱ्या रसात मिसळून कडूपणा झाकू नये. प्यायल्यावर मळमळलं तर थेट दवाखाना. यावर उतारा नाही, फक्त वेळेत सलाईन आणि देखरेख आहे.

कमी सोडियमचं मीठही असंच दुधारी. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. निरोगी प्रौढाला ते चालतं. मूत्रपिंड कमजोर असेल, किंवा टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर रक्तात पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडू शकते. घरात एकाला चालतं म्हणून सगळ्यांच्या डाळीत ते घालू नये. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी घेणाऱ्यांनी ‘रोज पालक-मेथीचा ज्यूस’ सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं. वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नये, पाककृती कितीही लोकप्रिय असो. आणि काढा: 2020 मध्ये करोनाच्या दिवसांत ‘मन्सुरा काढा’ म्हणून ओळखला गेलेला युनानी काढा मालेगावाबाहेरही पोचला, आणि त्यामागून घरोघर जे हाताशी येईल ते उकळण्याची हौस आली. ती हौस अजून आहे. रोजच्या काढ्यात ज्येष्ठमध जास्त पडलं तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम घसरतं, हे काढा पिणाऱ्याला सहसा ठाऊक नसतं. तो गोळीला दोष देतो.

रमजानसाठी वेगळं सांगायला हवं. इफ्तारच्या पाककृती महिनाभर आधीपासून फोनवर झळकतात आणि त्यांत दहापैकी आठ तळणीच्या असतात. भजी-समोशांची कढई रोज संध्याकाळी त्याच तेलात चढते. वारंवार तापलेल्या तेलात ध्रुवीय संयुगं वाढत जातात. ती 25 टक्क्यांपुढे गेली की तेल वापरू नये, असा भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम जुलै 2018 पासून लागू आहे. घरात हे मोजायचं यंत्र नसतं, डोळे आणि नाक असतं. तेल काळवंडलं, फेस धरू लागलं, धूर लवकर येऊ लागला, की त्याचं काम संपलं. खजूर, चण्याची चाट, फळं, आणि गहू-डाळी-मटणाचा खिचडा असेल तर पोटाला पुरेसं मिळतं. खिचडा हा तसा समतोल पदार्थ आहे, फक्त वरून तळलेल्या कांद्याचा आणि तुपाचा डोंगर नको. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी रोजे सुरू होण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन वेळा आणि मात्रा बदलून घ्याव्यात. पहिल्या रोज्याच्या दिवशी नव्हे, सहा-आठ आठवडे आधी.

मालेगावच्या यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणाऱ्याच्या डब्याचा विचार कोणतीही पाककृती करत नाही. रात्रपाळीत दोन वाजता भूक लागते आणि जवळ असतो तो चहा आणि खारी. या माणसासाठी कळण्याची भाकरी पुन्हा डब्यात आली पाहिजे. ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळून केलेलं ते पीठ. ज्वारीत जे लायसिन कमी पडतं ते उडीद भरून काढतात, म्हणून प्रथिनं कामी येतात. या भाकरीसोबत ठेचा असावा पण तेलात तरंगणारा नको, आणि एखादा कांदा. मालेगावच्या कसमादे पट्ट्यात कांद्याला कमी नाही. फोनवरून उचलायचीच तर भाकरीसोबतची भाजी उचलावी. आठवड्याला दोन नव्या भाज्या, एवढं पुष्कळ झालं.

तर पुढच्या तपासणीला येताना साखरेचा रिपोर्ट आणावाच. तेलाचा नवा डबा किंवा पिशवी फोडली की तिच्यावर पेनने तारीख लिहावी, संपली की संपल्याची तारीख लिहावी, घरात जेवणारी डोकी किती तेही, आणि तो कागद किंवा डब्याचा फोटो फोनमध्ये ठेवून दवाखान्यात दाखवावा. भाजीचा फोटो दाखवायला सगळे आणतात. डब्याचा अजून कुणी आणत नाही.