एंजिनाचें धड कशानें टिकतें?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें कागदांत गुंडाळलेला बिडाचा एक तुकडा वर्गांत आणला. त्याच्या वडिलांचें ट्रॅक्टर-दुरुस्तीचें दुकान आहे. एका गिऱ्हाइकाच्या आग्रहावरून त्यांनीं ट्रॅक्टरच्या डीझेल पंपाचा स्क्रू वाढवून दिला होता. हेतु हा कीं, उसानें भरलेल्या दोन ट्रॉल्या चढावर सहज निघाव्या. एक हंगाम त्या निघाल्याही. दुसऱ्या हंगामांत एंजिनाच्या धडास तडा गेला, पाणी तेलांत उतरलें, आणि ऐन तोडणीच्या दिवसांत ट्रॅक्टर उभा राहिला. गिऱ्हाइकाचें नुकसान झालें व दुकानाचा लौकिकही गेला. मुलानें मला विचारलें, "सर, बीड इतकें जाड होतें, तरी फुटलें कसें? आणखी जाड असतें तर वांचलें असतें काय?"

प्रश्न लहान आहे, परंतु यंत्रविद्येंतील एक मोठें तत्त्व त्यांत दडलेलें आहे. वर्गांत दिलेलें उत्तर थोडें विस्तारानें येथें देत आहें.

ज्या ओतीव धडांत सिलिंडर कोरलेले असतात, त्यास कारखान्यांत ब्लॉक म्हणतात. त्याच्या माथ्यावर हेड नांवाचें जाड झाकण बोल्टांनीं आवळलेलें असतें. पोटाखालीं क्रँकशाफ्ट फिरतो व तो बेअरिंगच्या कॅपांनीं धडास धरलेला असतो. मध्यें सिलिंडरांत दट्ट्या वरखालीं होतो. डीझेल एंजिनांत ठिणगी नसते. दट्ट्या हवेला इतकी दाबतो कीं, ती आपोआप तापते व तींत उडविलेलें तेल पेट घेतें. म्हणून मोठा दाब सोसणें हें या एंजिनाच्या जन्माबरोबरच आलेलें काम होय. रूडोल्फ डीझेल यानें जर्मनींतील ऑग्सबुर्ग येथें १० ऑगस्ट १८९३ रोजीं आपलें यंत्र प्रथम पेटवून पाहिलें, तेव्हां आंतील दाब सुमारें ८० वातावरणांपर्यंत चढला आणि दाब मोजण्याचें उपकरणच फुटून उडालें. पुढें १८९७ सालीं त्याचें सुमारें २० अश्वशक्तीचें यंत्र यशस्वी ठरलें.

आतां थोडें गणित करूं. १०२ मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या घ्या. त्याचें क्षेत्रफळ सुमारें ८१.७ चौरस सेंटिमीटर येतें. आजच्या जोरकस डीझेल एंजिनांत दर चौरस सेंटिमीटरला २०० किलोग्रॅमांच्या आसपास दाब चढतो. गुणाकार केला असतां १६,३४० किलोग्रॅम, म्हणजे सोळा टनांहून अधिक भार होतो. माल भरलेला ट्रक तळहाताएवढ्या दट्ट्यावर उभा करावा, तसें हें आहे. मिनिटास ३,००० फेरे घेणाऱ्या एंजिनांत तर प्रत्येक सिलिंडरांत ही गोष्ट सेकंदास २५ वेळां घडते.

हा भार जातो कोठें? तापलेला वायु दट्ट्यास जितक्या जोरानें खालीं ढकलतो, तितक्याच जोरानें हेडास वर ढकलतो. खालचा भार दांड्यावरून क्रँकशाफ्टावर व तेथून कॅपांवर पडतो. म्हणजे वरचे बोल्ट धडास वर ओढतात आणि खालचे बोल्ट खालीं ओढतात. रस्सीखेचींत दोन पक्षांच्या मध्यें दोर ताणला जातो, तसें हें धड प्रत्येक ज्वलनाच्या वेळीं ताणलें जातें. पुष्कळांस वाटतें कीं, ब्लॉक हें ओझें वाहणारें जोतें आहे. वास्तविक त्यास दोराचें काम करावें लागतें.

आणि येथेंच बिडाची अडचण उभी राहते. मुलानें आणलेल्या तुकड्याची फुटलेली बाजू करडी व दाणेदार होती. तो करडेपणा ग्रॅफाइटचा. ओतलेलें बीड थंड होत असतां त्यांतील कार्बन पातळ पापुद्र्यांच्या रूपानें वेगळा होतो. बिडास दाबलें असतां हे पापुद्रे फारसा अपाय करीत नाहींत. ओढलें असतां मात्र प्रत्येक पापुद्रा आधींच पडलेल्या सूक्ष्म चिरेसारखा वागतो. म्हणून करडें बीड जितका ताण सोसतें, त्याच्या तिप्पट-चौपट दाब सोसतें. तरीही कारखानदार तें सोडीत नाहींत. कारण तें साच्यांत उत्तम पसरतें, सहज कातलें जातें, आणि यंत्राचा कंप आपल्या पोटांत जिरवितें.

मग तें जाड केलें तर? जाड भाग साच्यांत सावकाश थंड होतो, आणि जितका सावकाश थंड होईल तितके ग्रॅफाइटचे पापुद्रे मोठे होतात. त्यामुळें जाडी दुप्पट केली तरी बळ दुप्पट होत नाहीं. शिवाय जाड व पातळ भाग जेथें मिळतात, तेथें आकुंचन सारखें न झाल्यामुळें आंत पोकळी राहण्याची किंवा ताण कोंडून राहण्याची भीति असते. ज्यांचे आप्त कोल्हापूरच्या फौंड्रींत काम करतात, त्या विद्यार्थ्यांनीं त्यांस हें अवश्य विचारावें.

खरा उपाय आपल्या गांवच्या सुताराला व लोहाराला पूर्वींपासून ठाऊक आहे. बैलगाडीच्या लांकडी चाकावर लोखंडी धांव तापवून बसवितात. ती थंड होतांना आवळते आणि चाकाचे सर्व लांकडी भाग कायमचे दाबून धरते. मग रस्त्यावर कितीही हिसके बसले तरी सांधे उकलत नाहींत. एंजिनांतही असेंच करावयाचें: ताण पोलादावर सोंपवावयाचा व बीड आधींपासून दाबून ठेवावयाचें. हेडाचा बोल्ट आवळतांना तो किंचित् लांब होतो व रबरासारखा परत येऊं पाहतो. ही आवळ वायूच्या जोराहून अधिक असेल, तोंवर सांधा उघडत नाहीं. २००६ सालीं समुद्रावर उतरलेल्या 'एम्मा मर्स्क' या जहाजांतील चौदा सिलिंडरी एंजिन सुमारें १,०८,९०० अश्वशक्तीचें आहे. त्याच्या एकेका सिलिंडराचा व्यास ९६ सेंटिमीटर आहे. अशा प्रचंड यंत्रांत वरपासून तळापर्यंत लांब पोलादी दांडे घालून सारा सांगाडा कायमचा आवळलेला असतो.

लहान एंजिनांत याच तत्त्वाची कसोटी अमेरिकेंत पाहावयास मिळते. तेथें शेतकरी व मोटारीचे शौकीन ट्रॅक्टर-ओढीच्या शर्यती लावतात. ट्रॅक्टरनें किंवा ट्रकनें एक वजनदार गाडा ओढावयाचा. गाडा पुढें सरकतो तसतसें त्यावरील वजन ओढणाऱ्याकडे सरकून घर्षण वाढतें. या शर्यतींत कमिन्स कंपनीचें ५.९ लिटरांचें सहा सिलिंडरी एंजिन फार लोकप्रिय आहे. पुण्यास १९६२ सालीं किर्लोस्कर-कमिन्सची स्थापना झाल्यापासून हें नांव आपल्याकडेही परिचित आहे. अमेरिकेंत १९८९ च्या सुमारास हें एंजिन डॉज ट्रकांत आलें, तेव्हां तें २,५०० फेऱ्यांस १६० अश्वशक्ति देत असे. शर्यतवाले त्याच घाटाच्या एंजिनांतून २,००० अश्वशक्तीच्याही पलीकडे जातात. समजा, ५,००० फेऱ्यांस २,४०० अश्वशक्ति काढली. शक्ति पंधरापट, फेरे दुप्पट. म्हणजे प्रत्येक ज्वलनाचें काम साडेसातपट झालें. ज्वलन लांबवितां येत असल्यामुळें कमाल दाब साडेसातपट होत नाहीं, परंतु मूळच्या धडास तो कितीतरी जड होतो. अशा वेळीं हेड उचललें जातें, सिलिंडराची भिंत चिरते, किंवा खालच्या बेअरिंगांच्या रेषेंत धड दुभंगून क्रँकशाफ्ट खालीं येतो. आसपासच्या माणसांच्या जिवासही त्यांत धोका असतो.

त्यांचे उपाय क्रमानें पाहिले म्हणजे तत्त्व स्पष्ट होतें. प्रथम मूळचे बोल्ट काढून अधिक बळकट पोलादाचे स्टड बसवितात, म्हणजे आवळ वाढते. मग खालच्या साध्या कॅपांऐवजीं पोलादी कॅप घालून त्या सर्व एका चौकटीनें जोडतात, म्हणजे एकेकटी कॅप हलत नाहीं. नंतर सिलिंडरांत स्वतंत्र बळकट नळ्या बसवितात, धडाचा माथा कातून त्यावर पोलादी पाट जडवितात, आणि भिंतींस आधार मिळावा म्हणून पाण्याच्या पोकळ्या सिमेंटासारख्या मिश्रणानें भरून टाकतात. शर्यत थोड्या सेकंदांची असल्यामुळें पाण्यावांचून निभावतें. रोजच्या वाहनास हें चालणार नाहीं.

इतक्यानेंही भागेना, तेव्हां धातूच बदलावी लागते. बिडांत मॅग्नेशियमचें अगदीं अल्प व काटेकोर प्रमाण राखलें, तर ग्रॅफाइटचे पापुद्रे आंखूड, जाड व बोथट कडांचे होतात. असें बीड साध्याहून सुमारें पाऊणपट अधिक ताण सोसतें. कमिन्सनें २०१९ सालच्या रॅम ट्रकांसाठीं आपल्या ६.७ लिटरांच्या एंजिनाचें धड याच बिडाचें केलें व त्याच्या एका प्रकारास ४०० अश्वशक्ति दिली. शर्यतवाले याहून पुढें जाऊन ॲल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यांतून सबंध धड कोरून काढतात. असा ठोकळा ताणांत साध्या बिडाहून बळकट असतो, आणि एकदम न तडकतां आधीं थोडा वांकतो. पण तो बिडापेक्षां कमी ताठ असतो व उष्णतेनें सुमारें दुप्पट फुगतो. म्हणून त्यांत कठीण धातूच्या नळ्या बसवाव्या लागतात व फटींचें माप जपावें लागतें. प्रत्येक वाढीव अश्वशक्तीची किंमत कोठेंतरी मोजावीच लागते.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळूं. बीड आणखी जाड असतें तर कदाचित् तो तडा थोडा उशिरां गेला असता, इतकेंच. त्याच्या वडिलांनीं बदलला एकच स्क्रू. परंतु त्या स्क्रूनें दट्ट्या, दांडा, कॅप, बोल्ट, भिंत या सर्वांवरचा भार वाढला, आणि त्यांतील सर्वांत दुबळ्यानें सर्वांच्या वतीनें जबाब दिला. शक्ति वाढवावयाची तर प्रथम तो दुबळा भाग शोधावा, आणि तो सुधारण्याची ऐपत नसेल तर स्क्रूस हात लावूं नये.

मुलानें तुकडा परत नेला. आतां तो दुकानांत फळीवर ठेविलेला आहे, असें तो सांगतो. कोणी स्क्रू वाढवून मागितला, कीं वडील आधीं तो त्याच्या हातांत देतात.

विद्यार्थ्यांनीं सोडवावयाचीं उदाहरणें

१. दट्ट्याचा व्यास १०७ मिलिमीटर व दाब तितकाच, तर भार किती?
२. मिनिटास २,००० फेरे घेणाऱ्या चार फटक्यांच्या सहा सिलिंडरी एंजिनांत एका तासांत एकंदर किती ज्वलनें होतात?
३. बैलगाडीची धांव गार असतांना मोठीच करून बसविली, तर चाक लवकर कां खिळखिळें होईल? स्वतःच्या शब्दांत लिहा.