रात्र मोजणारी शेवंती

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी दसऱ्याला नर्सरीतून पिवळ्या शेवंतीची कुंडी आणली. तेव्हा महिनाभर फुलं होती. नंतरही झाड जगलं, पावसाळ्यात छान वाढलं. पण गेल्या हिवाळ्यात त्याला एकही कळी आली नाही. याच झाडाचा एक फुटवा बहिणीने गावी नेऊन परसात लावला होता, तो मात्र फुलांनी लगडला. आमच्या गॅलरीसमोर रस्त्यावरचा नवा एलईडी दिवा आला आहे. शेजारच्या काकू म्हणतात, दिव्यामुळेच फूल येत नाही. असं खरंच होतं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : काकूंचं बरोबर आहे, आणि त्याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे. शेवंतीच्या बुंध्याशी मातीतून जे फुटवे वर येतात, त्यांना आपले शेतकरी काश्या म्हणतात. काशीपासून वाढलेलं झाड म्हणजे मूळ झाडाची हुबेहूब प्रत. गावाकडे फुलं आणि पुण्यात नुसता पाला, यात जातीचा दोष असूच शकत नाही. फरक आहे तो रात्रीचा.

शेवंती रात्रीची लांबी पाहून फुलते. पुण्यात जूनच्या अखेरीस दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरच्या अखेरीस तो अकरा तासांवर येतो. भाद्रपद-आश्विनात रात्र वाढू लागली की शेवंतीच्या शेंड्यात पानांऐवजी कळी धरते. थंडी पडली म्हणून शेवंती फुलते असं बहुतेकांना वाटतं. गारव्यात फुलांना रंग चढतो, ती जास्त दिवस टिकतात, हे खरं. पण कळी धरण्याचा इशारा मिळतो तो अंधाराकडून.

हे कसं कळलं, ती हकिकत सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलर्ड या दोन शास्त्रज्ञांपुढे तंबाखूची एक जात होती. ती उन्हाळाभर उंचच उंच वाढे आणि फुलत मात्र नसे. त्यांनी रोपं रोज दुपारनंतर अंधाऱ्या खोलीत ठेवून पाहिली आणि ती फुलली. १९२० साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. तेव्हा सगळ्यांना वाटलं, झाड दिवस मोजतं. १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी शंकेश्वर या तणावर प्रयोग केले. आपल्याकडे पडीक जमिनीत उगवणारं, कपड्यांना काटेरी फळं चिकटवणारं हे तण शेवंतीच्याच कुळातलं. लांब रात्रीच्या मध्येच थोडा वेळ उजेड पाडला, तर शंकेश्वर फुलायचं थांबलं. दिवसाच्या मध्ये अंधार केला, तर त्याला काहीच फरक पडला नाही. मोजली जाते ती रात्र, आणि तीही सलग.

रात्र मोजतं कोण? याचं उत्तर ज्या प्रयोगांतून मिळालं, त्यात शेवंतीचा वाटा मोठा आहे. सोव्हिएत रशियातल्या मिखाईल चैलाख्यान यांनी १९३०च्या दशकात शेवंतीच्या झाडाचा वरचा भाग पानं काढून उघडा केला आणि खालची पानं ठेवली. खालच्या पानांना लांब रात्र दिली, वरच्या उघड्या शेंड्याला मात्र लांब दिवस. तरी कळ्या आल्या, त्या शेंड्यालाच. याचा अर्थ अंधार पानांना कळतो आणि निरोप देठातून वर जातो. या निरोप्या द्रव्याला त्यांनी फ्लोरिजेन असं नाव दिलं. त्याची रासायनिक ओळख पटायला पुढे जवळजवळ सत्तर वर्षं लागली. जपानी शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये शेवंतीच्या एका रानटी जातीत उलटा निरोपही शोधून काढला. रात्री ठरावीक वेळी पानांवर उजेड पडला, तर पानं फुलणं रोखणारं प्रथिन तयार करतात आणि ते शेंड्याकडे पाठवतात. तुमच्या गॅलरीत रोज रात्री नेमकं हेच घडत असणार.

व्यापारी शेतकरी याच गुणाचा उपयोग करून घेतात. बेंगळुरूच्या परिसरात रात्री शेतं विजेच्या दिव्यांनी उजळलेली दिसतात, त्यांतली बरीच शेवंतीची असतात. दिवे लावून फूल लांबवायचं, देठ हवा तेवढा वाढू द्यायचा आणि सणाचा हिशोब करून दिवे बंद करायचे. हरितगृहात याच्या उलटही करतात. काळं कापड ओढून रात्र लवकर आणायची आणि एरवी मोसम नसताना फुलं काढायची. तुमची कुंडी दसऱ्यालाच भरलेली होती, ती बहुधा अशाच व्यवस्थेतली. अशा कुंड्यांतल्या रोपांवर वाढ खुंटवणारी द्रव्यंही फवारलेली असतात, म्हणून ती वीतभर उंचीची आणि गोल दिसतात. दुसऱ्या वर्षी तेच झाड उंच आणि मोकळं वाढलं, तर काही बिघडलं असं समजू नका. हीच त्याची खरी ठेवण. फुलंही नैसर्गिकपणे यायची, तर काही जाती दिवाळीत येतात, काही थेट पौष लागल्यावर.

आता उपाय. गणपती उठले की कुंडी अशा जागी हलवा, जिथे सूर्य मावळल्यापासून उजाडेपर्यंत कुठलाही दिवा लागत नाही. हॉल चालणार नाही. टीव्ही आणि ट्यूबलाइट रात्री अकरापर्यंत चालू असतात. स्वयंपाकघराची मागची बाजू, गच्चीचा अंधारा कोपरा, इमारतीची रस्त्याकडे नसलेली बाजू पाहा. अंधार पुरेसा आहे का, हे ओळखायचा माझा ठोकताळा असा : रात्री त्या जागी उभं राहून वर्तमानपत्राचे मोठे मथळे वाचता आले, तर ती जागा शेवंतीला उजेडाची आहे. चांदण्याची काळजी नको. पौर्णिमेचा उजेडसुद्धा एका लक्सपेक्षा खूप कमी असतो. पथदिव्याच्या पातळीवरच्या गॅलरीत त्याच्या कितीतरी पट उजेड पडतो.

कुंडी हलवणं शक्य नसेल, तर रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास झाडावर काळं जाड कापड किंवा पुठ्ठ्याचं मोठं खोकं ठेवा आणि सकाळी सातला काढा. पानं सगळी झाकली गेली पाहिजेत, नुसता शेंडा नव्हे. कळ्यांना रंग दिसेपर्यंत, म्हणजे दीड-दोन महिने, हे रोज करावं लागतं. मध्ये खाडे पडले की कळ्या रखडतात. हे काम सप्टेंबरच्या आधी सुरू करू नका. उकाड्यात झाकलेल्या झाडाभोवती ऊब कोंडते आणि उष्णतेनेही कळ्या लांबतात. दिवसा मात्र पाच-सहा तास ऊन मिळालंच पाहिजे. रात्री अंधारात आणि दिवसाही सावलीत ठेवलेली शेवंती काटकुळी होते.

फुलं नीट यायची, तर त्याआधीची वर्षभराची देखभाल तितकीच महत्त्वाची. फुलं संपली की फांद्या मातीपासून चार-सहा इंचांवर कापा. झाड मेल्यासारखं दिसतं आणि पुष्कळ जण इथेच कुंडी रिकामी करतात, याचं मला फार वाईट वाटतं. शेवंती बहुवर्षायू आहे. महिन्याभरात बुंध्यातून काश्या वर येतात. उन्हाळ्यात दुपारच्या सावलीत ठेवून माती ओलसर राखा. मृगाच्या सुमारास मुळांसकट काश्या अलग करा आणि आठ ते दहा इंची कुंडीत एकेक काशी लावा. जुना खोड झालेला मधला भाग टाकून द्या, त्याला पुढे जोम राहत नाही. माती भुसभुशीत हवी : बागेची माती, शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडी वाळू. पावसाळ्यात तळाशी पाणी तुंबलं की मूळकूज लागते आणि मग काही हाती राहत नाही, म्हणून मुसळधार दिवसांत कुंडी पत्र्याखाली घ्या.

रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. बाजूच्या फांद्या वाढल्या की त्यांचेही शेंडे खुडा. ऑगस्टच्या अखेरीनंतर खुडणं थांबवा, कारण त्यानंतर तुम्ही कळ्याच खुडत असता.

शेंड्यावर काळपट तांबूस मावा दिसला तर पाण्याच्या जोराच्या धारेने धुवून काढा, शेंडा थोडा वाकवून पानांची पाठही धुवा. पुन्हा आला तर निंबोळी अर्क फवारा. खालची पानं काळे डाग पडून वाळत असतील, तर ती काढून टाका आणि पाणी मातीत घाला, पानांवर नको. पानं गेली की रात्र मोजणारेच गेले, म्हणून ही काळजी वरवरची समजू नका.

प्रश्न : शेवंतीला बी धरतं का? बियांपासून रोपं करता येतील का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : धरतं, पण घरच्या एकाच झाडावर क्वचित. शेवंतीचं जे एक फूल आपण म्हणतो, ते अनेक फुलांचं झुपकं असतं. कडेची एक पाकळी अलगद उपटून उन्हात धरा. तळाशी ती अरुंद नळीसारखी असते आणि नळीतून दुभंगलेल्या टोकाचा बारीक तंतू डोकावतो. ती पाकळी म्हणजे एक पूर्ण मादी फूल. मध्यभागी पिवळी चकती दिसणाऱ्या शेवंतीत त्या चकतीतली इवली फुलं उभयलिंगी असतात आणि पराग त्यांच्यातच असतो. गच्च भरलेल्या, हाराच्या जातींत अशी फुलं फार थोडी उरतात. शिवाय शेवंती स्वतःचा पराग स्वीकारत नाही. दुसऱ्या जातीची शेवंती जवळ हवी आणि मधमाशा हव्यात.

बी मिळालं तरी रोप आईसारखं निघत नाही. पिवळ्या झाडाच्या बियांतून पांढरी, एकेरी, जांभळट, कशीही रोपं येतील. नवी जात शोधण्याची हौस असेल, तर जरूर पेरा. मजेचं काम आहे. पण झिपरीसारखी ठरावीक जातच हवी असेल, तर तिची काशीच लावावी लागते. ती फुलं संपल्यावर ओळखीच्या शेतकऱ्याकडे मागा. फेब्रुवारी-मार्चमध्ये कापलेल्या वाफ्यात काश्या भरपूर निघालेल्या असतात.