ते पित्त नव्हतं

हिमालयातल्या ट्रेकचं माहितीपत्रक हातात आलं की आपण आधी फोटो बघतो, मग पैसे, मग तारखा. माझं म्हणणं, आधी मुक्काम बघा. कुठल्या रात्री किती उंचीवर झोपायचं ते आकडे एका कागदावर एकाखाली एक लिहा आणि वजाबाकी करा. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर आजच्या आणि उद्याच्या मुक्कामात पाचशे मीटरपेक्षा जास्त फरक नको, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस आहे त्याच उंचीवर काढायला हवा, असं या विषयातले डॉक्टर सांगतात. दिवसा थोडं जास्त चढून परत खाली आलं तर बिघडत नाही. हिशेब धरायचा तो झोपण्याच्या जागेचा. दोन मिनिटांचं गणित आहे, पण ते करणारं माणूस मला क्वचितच भेटतं.

आमचं मावळातलं नवलाख उंबरे गाव समुद्रसपाटीपासून सहाशे-साडेसहाशे मीटरवर. इथली, तळेगावची, इंदोरीची कितीतरी पोरं एमआयडीसीत शिफ्ट करतात आणि सुट्टीला भंडारा डोंगर, घोरावडेश्वर, लोहगड-विसापूर पालथे घालतात. पायात दम आहे, यात शंकाच नाही. पण लोहगड हजार मीटरच्या जरासा वर, आणि महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच कळसूबाई १,६४६ मीटर. हिमालयातल्या बऱ्याच ट्रेकची सुरुवातच याच्या वर होते. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही एकवीस टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. ४,९०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या साधारण पंचावन्न टक्के उरतो. तुम्ही लोहगड किती मिनिटांत चढता आणि तुमचं शरीर या विरळ हवेला किती लवकर सरावतं, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. उलट तगडा माणूस भराभर वर जातो आणि सवय व्हायच्या आतच अडचणीत येतो.

माझा मावसभाऊ असाच तगडा. आमच्या गटात तो होता, मी होते, त्याच्या कंपनीतले मित्र होते. जायचं होतं भाबा खिंडीला.

ही खिंड हिमाचलात, किन्नौर आणि स्पितीच्या मधे. किन्नौरच्या बाजूला काफनू गाव आहे सुमारे २,४०० मीटरवर. तिथून पुढचे मुक्काम म्हणजे मूलिंग सुमारे ३,२५०, कारा ३,५५०, फुस्तिरंग ४,१००. मग सुमारे ४,९०० मीटरची खिंड, आणि पलीकडे पिन नदीच्या खोऱ्याने उतरत मुद गाव, ३,८०० च्या आसपास. वजाबाकी करा. मूलिंग ते कारा तीनशे, कारा ते फुस्तिरंग साडेपाचशे. जेमतेम चालण्यासारखं. कारा गाळलं तर एका रात्रीत साडेआठशे.

आमच्या बाबतीत कारा गाळलं गेलं. सतलजच्या काठाने जाणाऱ्या रस्त्यावर दरड आली आणि दिवस बसमध्येच गेला. त्या रस्त्याला दरडी नव्या नाहीत. ऑगस्ट २०२१ मध्ये निगुलसरीच्या दरडीखाली बस आणि इतर गाड्या सापडून अठ्ठावीस जण दगावले होते. परतीची रेल्वेची तिकिटं काढलेली, प्रत्येकाने रजा मोजून घेतलेली. ट्रेक नेणाऱ्या संस्थेच्या लीडरने गेलेला दिवस भरून काढला तो कारामधून, मूलिंगहून थेट फुस्तिरंग. सगळ्यांना बरंच वाटलं, कारण कोणाचीही रजा वाढत नव्हती. आमच्याबरोबरचा किन्नौरी गाईड नाराज दिसला, पण त्याचं मत कोणी विचारलंच नाही.

कारा हे प्रचंड मोठं कुरण आहे. पाण्याचे कितीतरी प्रवाह त्यातून पसरत वाहतात, मेंढ्यांचे कळप लांबवर चरताना दिसतात. ते ओलांडताना भाऊ सगळ्यांच्या पुढे होता. संध्याकाळी फुस्तिरंगला पोचलो आणि जेवायला बसलो, तेव्हा तो राजमा-चावल नुसता चिवडत होता. डोकं दुखतंय का विचारलं, तर म्हणाला, "काही नाही गं ताई, पित्त झालंय. सकाळपासून नुसत्या चहावर आहे ना."

आपल्याकडे डोकं ठणकून उलटी झाली की घरातलं लहान पोरही सांगतं, पित्त झालं. कोकमाचं सरबत घ्या, अंधारात पडून राहा. नाहीतर गाडी लागली, ऊन लागलं, जागरण झालं, बाहेरचं खाल्लं. घरी यातलं बहुतेक खरंही असतं. पण डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, गळून जाणं, गरगरणं हीच विरळ हवेच्या आजाराचीही लक्षणं आहेत. म्हणून अडीच-तीन हजार मीटरच्या वर नियम उलटा आहे. दुसरं कारण नक्की ठरेपर्यंत तो उंचीचाच आजार धरायचा. डोकं दुखत असेल तर त्या दिवशी वर चढायचं नाही. थांबून बरं वाटलं नाही, तर खाली यायचं. मावळातून, पुण्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला माझं हात जोडून सांगणं आहे, पित्त हा शब्द काफनूलाच ठेवून वर जा.

"आणि कोणाला सांगू नको," भाऊ म्हणाला. "उद्या खिंड झाली की झालं."

मी ताट खाली ठेवलं आणि गाईडच्या तंबूत जाऊन सांगून आले. भाऊ चिडला. चिडू दे. लहानपणापासूनचं नातं आहे, एका रात्रीच्या रागाने तुटत नाही.

मध्यरात्रीनंतर त्याच्या तंबूतला मित्र मला हाक मारत आला. "ताई, जरा येता का? तो बूट घालून बाहेर निघालाय. शिफ्टला उशीर झाला म्हणतोय." जाऊन बघितलं तर डावा बूट उजव्या पायात, आणि तंबूची चेन त्याला सापडत नव्हती, चेन होती तिथे सोडून तो कापडाच्या शिवणीवरून बोटं फिरवत होता. गाईड आला. त्याने त्याला सरळ रेषेत चालायला सांगितलं, पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या बोटांना लावत. तिसऱ्या पावलाला भाऊ कलला. दारू न पिता माणूस असा झोकांड्या खाऊ लागला की ते मेंदूला सूज येत असल्याचं लक्षण. दुसरा जीवघेणा प्रकार फुप्फुसात पाणी होण्याचा. त्यात बसल्या जागी धाप लागते, कोरडा खोकला सुटतो, पुढे गुलाबी फेस येऊ शकतो. दोन्हींत सकाळची वाट बघायची नसते.

लीडरचं म्हणणं होतं की पहाटे खिंड ओलांडून टाकू, पलीकडे उतार आहे, उतरलं की बरं वाटेल. ऐकायला ते पटतं. पण पलीकडचा उतार गाठायला आधी आठशे मीटर चढायचं होतं, आणि खिंडीपलीकडचा पहिला मुक्कामही चार हजारांच्या वरच. अलीकडे कारा मात्र साडेपाचशे मीटर खाली. आजारी माणसाला आधी वर नेऊन मग खाली आणणारी कुठलीही योजना ऐकू नका. गाईड लीडरशी वाद घालत बसला नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "दीदी, ये ऊपर नहीं जाएगा. अभी नीचे." आणि दोर, टॉर्च, ऑक्सिजनचा सिलिंडर काढायला लागला.

रात्रीच निघण्यात आणखी एक शहाणपण होतं, ते मला कारामध्ये समजलं. बर्फाच्या पाण्याचे ओढे दुपारी फुगतात, कारण दिवसभर वर बर्फ वितळत असतं. उजाडायच्या आधी ते सगळ्यात कमी असतात. आदल्या दुपारी मांडीपर्यंत आलेलं पाणी त्या वेळी पोटरीपर्यंत होतं. दोन्ही बाजूंनी धरून भावाला पार केलं. काराच्या खाली तो नीट उत्तरं द्यायला लागला, मूलिंगला त्याने चहा मागितला. पुढे काफनू आणि तिथून गाडीने रामपूरचं रुग्णालय. तो पूर्ण बरा झाला. मावशीला फोनवर मी सगळं खरं सांगितलं. आम्ही घरी पोचेपर्यंत तिचा जीव भांड्यात पडला नाही.

आता जाणाऱ्यांसाठी. ऑक्सिजन आहे, एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. पायथ्याच्या गावात सिलिंडर उघडून, रेग्युलेटर बसवून, मास्क लावून दाखवायला सांगा, आणि हे किती जणांना जमतं तेही बघा. आमच्याकडे ते एकट्या गाईडला येत होतं. छोटा सिलिंडर काही तासांत संपतो. तो खाली उतरेपर्यंतची सोय आहे, उतरण्याला पर्याय नाही. बाजारात स्प्रेसारखे डबे मिळतात, त्यातला वायू पाच-दहा मिनिटांत संपतो. त्यावर पैसे घालवू नका.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर कोविडपासून घरोघरी आहे आणि चौऱ्याण्णवच्या खाली गेलं की घाबरायचं, हे डोक्यात बसलंय. चार हजार मीटरवर ऐंशीच्या घरातला आकडा धडधाकट माणसाचाही येतो, आणि गारठलेल्या बोटावर तो चुकतोही. आकडा बरा आहे म्हणून डोकं दुखणाऱ्याला वर नेऊ नका. माणूस जेवतो का, नीट बोलतो का, सरळ चालतो का, हे बघा.

डायमॉक्सबद्दल सगळे विचारतात. ही गोळी शरीराला उंचीची सवय लवकर व्हायला मदत करते. लक्षणं झाकत नाही. बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त होते. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना सांगायलाच हवं, आणि किती घ्यायची ते त्यांनीच ठरवायचं. डेक्सामेथासोनची गोष्ट वेगळी. ते मेंदूच्या सुजेवर उतरताना द्यायचं औषध आहे. ते घेऊन बरं वाटलं म्हणून पुढे चढणं म्हणजे जिवाशी खेळ.

मदतीचं म्हणाल, तर आपल्याकडे लोहगडावर कोणी अडकलं की लोणावळ्याची शिवदुर्ग मित्रची माणसं दोर घेऊन धावतात. त्यांच्यामुळे आपण थोडे निर्धास्त झालोय. भाबाच्या खोऱ्यात आमचे फोन नुसते घड्याळ बघायला उरले होते. सॅटेलाइट फोन आपल्या देशात परवानगीशिवाय बाळगता येत नाही. अशा जागी निरोप माणसाच्या पायांनी जातो आणि मदत त्यानंतर येते. जून २०२४ मध्ये उत्तराखंडात सहस्रतालच्या वाटेवर बहुतेक कर्नाटकातल्या ट्रेकरांचा बावीस जणांचा गट वादळी हवामानात सापडला. नऊ जण गेले. हेलिकॉप्टरं पोचेपर्यंत थंडी थांबली नव्हती. म्हणून हवामान बिघडलं तर कुठून परत फिरायचं, हे पायथ्याला असतानाच विचारा.

विचारण्याचा हक्क आपल्याला कोणीतरी मोठी किंमत मोजून मिळवून दिलाय. हिमालयातल्या अशाच सहलीत मुलगा गमावलेले आईवडील मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि त्यातून महाराष्ट्रात साहसी उपक्रमांसाठी २०१४ चा शासन निर्णय आला. पुढे २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आलं, नोंदणीची पद्धत आली. संस्थेची नोंदणी, लीडरने गिर्यारोहणाचं आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कुठे घेतलंय, विम्यात उंचीवरचा ट्रेक धरलाय का, हे सगळं लेखी मागा. साध्या मेडिक्लेममध्ये तो बऱ्याचदा वगळलेला असतो. खेचरवाल्यांचा आणि मदतनिसांचा विमा आहे का, तेही विचारा. त्यांच्या अंगावर पुरेसे गरम कपडे नसतील तर वादळात तुमचा तंबू लावायला कोण उरणार?

आणि स्थानिक गाईडने नाही म्हटलं तर लीडरला ते मोडता येतं का, याचं उत्तर घ्या. येत असेल, तर दुसरी संस्था बघा.

राहिलेलं आपल्या गटाचं काम. परतीचं तिकीट एक-दोन दिवस मोकळे ठेवूनच काढा, म्हणजे दरड आली तरी मुक्काम गाळावा लागत नाही. कोणाला खाली उतरावं लागलं तर त्याच्याबरोबर आपल्यातलं कोण जाईल, ते नाव तळेगाव सोडण्याआधी ठरवा. भाऊ उतरताना सारखा एकच म्हणत होता, "सगळ्यांचे पैसे माझ्यामुळे वाया जाणार." म्हणून आम्ही आता गाडीत बसण्याआधी सगळ्यांसमोर बोलून घेतो. जो उतरेल त्याचा आणि त्याला नेणाऱ्याचा खर्च सगळ्यांनी सारखा वाटून घ्यायचा, आणि परत आल्यावर त्यावरून चेष्टा करायची नाही. हे आधी बोललेलं असलं, की डोकं दुखणारा माणूस पहिल्याच संध्याकाळी सांगून मोकळा होतो.