ॲडमिनचा पासवर्ड एआयला देण्याआधी

छोट्या संस्थांच्या वेबसाइट सांभाळणं हे माझं काम. वाचनालयं, शाळा, काही प्रकाशक, एक नाट्यसंस्था. बहुतेकांच्या साइट वर्डप्रेसवर आहेत. अलीकडे जो तो मला एकच विचारतो, "ताई, एआय आता थेट साइटला जोडता येतो म्हणे. जोडू का?" जोडा, असंच मी सांगते. पण त्याला कोणत्या खात्यातून आत घेणार आहात, हे आधी कळवा, असंही बजावते. एका तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाचं काय झालं ते मी जवळून पाहिलंय, आणि निस्तरायलाही मीच गेले होते.

जोडणी खरोखरच सोपी झाली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने मॉडेल काँटेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, हे खुलं मानक जाहीर केलं. तेव्हापासून कोड लिहिणारा एआय सहायक बाहेरच्या सेवांशी एकाच ठरावीक पद्धतीने बोलू लागला. विक्स आणि वेबफ्लोने आपापली एमसीपी जोडणी दिली. वर्डप्रेसमध्ये तर पाया आधीच घातलेला होता. डिसेंबर २०१६ च्या ४.७ आवृत्तीपासून रेस्ट एपीआयमार्फत बाहेरूनच पोस्ट, पानं, फोटो हाताळता येऊ लागले आणि डिसेंबर २०२० च्या ५.६ आवृत्तीत ॲप्लिकेशन पासवर्ड आले. प्रोफाइलमध्ये जाऊन नाव द्यायचं, बटण दाबायचं, की २४ अक्षरांचा पासवर्ड एकदाच दिसतो. तो सहायकाला दिला की काम सुरू.

या सोयीत एक मोठी गोम आहे. ॲप्लिकेशन पासवर्डला स्वतःच्या मर्यादा नसतात. ज्या खात्यातून तो काढला, त्या खात्याला एपीआयमधून जे जे करता येतं ते सगळं त्या पासवर्डलाही करता येतं. 'फक्त वाचायला' किंवा 'फक्त पोस्टपुरता' असा तो मूळ वर्डप्रेसमध्ये काढता येत नाही.

त्या वाचनालयाच्या सर्व्हरवरची जागा संपत आली होती. साइट बघणाऱ्या तरुण कार्यकर्त्याने सहायक जोडला, तोही ॲडमिन खात्यातून, कारण दुसरं खातंच नव्हतं. त्याने सांगितलं होतं, 'वापरात नसलेले फोटो शोधून काढून टाक, वापरातल्या फोटोंना हात लावू नकोस.' या सूचनेत मला आजही काही चूक दिसत नाही. मी असते तरी जवळजवळ हेच शब्द लिहिले असते.

सहायकाने 'वापरात नसलेले' म्हणजे कोणत्याही पोस्टशी न जोडलेले, असा अर्थ लावला. मीडिया लायब्ररीत अशा फोटोंपुढे 'अनअटॅच्ड' असं दिसतं. पण ही नोंद फोटो कुठे दिसतो ते सांगत नाही. तो कोणत्या पोस्टमध्ये असताना चढवला गेला, एवढंच मुख्यतः त्यातून कळतं. आधी लायब्ररीत चढवलेला आणि मग फीचर्ड इमेज म्हणून लावलेला, गॅलरीत घातलेला किंवा ब्लॉक एडिटरमधून निवडलेला फोटो रोज साइटवर दिसत असूनही 'अनअटॅच्ड' राहू शकतो. वाचनालयाच्या वसंत व्याख्यानमालेचे अनेक वर्षांचे फोटो एका जुन्या ग्रंथपालांनी गठ्ठ्याने चढवून ठेवले होते आणि मग गॅलऱ्या केल्या होत्या. सहायकाच्या हिशेबी ते सगळेच फोटो बेवारशी ठरले.

इथे आणखी एक गोष्ट माहीत असायला हवी. वर्डप्रेसमध्ये पोस्ट काढली तर ती ३० दिवस कचरापेटीत राहते. फोटोंना ही सोय मूळ मांडणीत नाही. फोटो काढला की मूळ फाइल जाते, तिच्यापासून बनलेल्या लहान आकाराच्या प्रती जातात, आणि तो जिथे जिथे फीचर्ड इमेज असेल तिथली नोंदही जाते. परत मागवायला काही उरत नाही.

बॅकअप होता, पण फक्त डेटाबेसचा. जागा वाचवायला अपलोड्सचं फोल्डर त्यातून वगळलेलं होतं. डेटाबेस परत चढवला तेव्हा सगळ्या नोंदी आल्या, मथळे आले, वक्त्यांची नावं आली, फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी आल्या. एक मात्र बरं झालं. नोंदी परत आल्यामुळे प्रत्येक फाइल कोणत्या वर्षाच्या, कोणत्या महिन्याच्या फोल्डरमध्ये, कोणत्या नावाने हवी हे कळत होतं. फाइल मिळाली की त्याच जागी त्याच नावाने ठेवायची आणि लहान प्रती वर्डप्रेसच्या कमांड लाइनमधून पुन्हा बनवून घ्यायच्या. गावातल्या फोटोग्राफरच्या हार्ड डिस्कवर बरेच फोटो सापडले. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये काही मिळाले. उरलेल्यांपैकी थोडे कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होते, पण तिथे फोटो दाबून लहान झालेले असतात. काही फोटो कुठेच मिळाले नाहीत. ज्यांच्या व्याख्यानाचे ते होते, त्यांतले काही वक्ते आज हयात नाहीत. याचं मला अजून वाईट वाटतं.

सहायकाला चॅटमध्ये आपण जे लिहितो ती विनंती असते. तो ती बहुतेक वेळा नीट पाळतो, कधी अर्थ वेगळा लावतो, कधी लांबलेल्या कामात विसरतोही. हद्द ठरते ती खात्याच्या हक्कांनी. एआयकडून कोड लिहून घेण्याच्या रेप्लिट या सेवेचं जुलै २०२५ मधलं प्रकरण गाजलं ते यामुळेच. सास्टर या संस्थेचे संस्थापक जेसन लेमकिन यांनी रेप्लिटच्या एआयला बदल थांबवायला सांगितलं होतं, तरी त्याने चालू डेटाबेस पुसला आणि तो परत आणता येणार नाही असंही सांगितलं. प्रत्यक्षात तो परत आणता आला. कंपनीचे प्रमुख अमजद मसाद यांनी जाहीर माफी मागितली, आणि त्यानंतर जो उपाय सांगितला त्यात बदल करून पाहण्याचा डेटाबेस आणि चालू डेटाबेस वेगळे ठेवणं हा मुख्य भाग होता. सूचना आणखी कडक लिहिण्यावर त्यांनी भिस्त ठेवली नाही, याकडे मी सगळ्यांचं लक्ष वेधते.

म्हणून आधी सहायकासाठी वेगळं खातं काढा. त्याची भूमिका कोणती, हा पुढचा प्रश्न. काँट्रिब्युटर मसुदे लिहू शकतो. त्याला प्रसिद्ध करता येत नाही, फोटोही चढवता येत नाहीत. ऑथर फोटो चढवतो, प्रसिद्ध करतो, पण दुसऱ्याचं काही काढू शकत नाही. एडिटर हा शब्द सौम्य वाटतो म्हणून अनेक जण तोच देतात. एडिटरला दुसऱ्यांच्या पोस्ट आणि फोटो दोन्ही काढता येतात, तेव्हा वाचनालयात तोच दिला असता तरी निकाल बदलला नसता. ऑथर असता तर सहायकाला फोटोंची यादी करता आली असती आणि काढण्याच्या पायरीवर वर्डप्रेसनेच त्याला अडवलं असतं. यादी करायला त्याला लावा, नजर तुम्ही घाला, काढायचं ते स्वतःच्या हाताने काढा.

थीमच्या किंवा प्लगइनच्या कोडमध्ये बदल असेल तर साइटची स्टेजिंग प्रत, म्हणजे चाचणीसाठीची वेगळी नक्कल, काढून तिथेच काम करू द्या. बऱ्याच होस्टिंगमध्ये ही सोय असते, फक्त कोणी वापरत नाही. बॅकअपमध्ये डेटाबेस आणि अपलोड्स दोन्ही हवेत, तेही त्याच सर्व्हरवर नकोत. आणि तो एकदा तरी प्रत्यक्ष परत चढवून पाहा.

बाहेरच्या लोकांनी लिहिलेला मजकूर सहायकाला वाचायला देताना मी सर्वांत जास्त जपते. प्रतिक्रिया, संपर्काच्या फॉर्ममधून आलेले निरोप, सभासदांचे अर्ज. यांत कोणी सहायकालाच उद्देशून आज्ञा लिहून ठेवू शकतं आणि तो ती तुमची समजून पाळू शकतो. प्रोग्रामर सायमन विलिसन यांनी २०२२ मध्ये या प्रकाराला प्रॉम्प्ट इंजेक्शन हे नाव दिलं. खाजगी माहिती वाचण्याची मुभा, परक्याचा मजकूर आणि माहिती बाहेर पाठवण्याची वाट, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की धोका खरा होतो, हेही त्यांनीच पुढे मांडलं. सभासदांचे पत्ते-फोन असलेल्या साइटवर फॉर्मचे निरोप वाचण्याचं काम मी सहायकाला देतच नाही.

मराठी साइटवाल्यांना आणखी थोडं सांगायचं आहे, कारण इंग्रजीतल्या मार्गदर्शनात ते सापडत नाही. देवनागरी मथळ्यावरून वर्डप्रेस जो पत्ता बनवतं त्यात एकेका अक्षरचिन्हाला नऊ जागा लागतात आणि मर्यादा २०० ची असते. म्हणून बावीसेक चिन्हांनंतर पत्ता मध्येच तुटतो, टक्क्यांच्या खुणांनी भरलेला दिसतो. सहायकाला तो बिघडलेला वाटतो आणि तो उत्साहाने रोमन पत्ता करून देतो. पोस्टचा जुना पत्ता वर्डप्रेस लक्षात ठेवतं आणि वाचकाला नव्याकडे वळवतं. पानांसाठी तशी नोंद ठेवत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवलेले, दिवाळी अंकात छापलेले पानांचे दुवे त्यामुळे मरू शकतात. तसंच अदृश्य जोडचिन्हांचं. 'दर्‍या', 'सुर्‍या' असे शब्द काही कळफलकांवर अशा चिन्हाच्या आधाराने उमटतात. कोड लिहिणाऱ्या सहायकाला ही चिन्हं कचरा वाटतात. ती गाळली की 'दर्‍या'चा 'दर्या' होतो आणि अर्थच पालटतो. मजकुराच्या सफाईचं काम दिलंत तर असे दोन-चार शब्द आधी आणि नंतर ताडून पाहा.

काम संपलं की प्रोफाइलमध्ये जाऊन तो ॲप्लिकेशन पासवर्ड रद्द करा. तिथेच तो शेवटचा कधी आणि कोणत्या आयपी पत्त्यावरून वापरला गेला हेही दिसतं. रद्द करण्यापूर्वी ती ओळ वाचून घ्या.