समाचार घेणे

आजचं वचन : याकोब 1:27

‘समाचार घेणे’ वाचून मला आधी हसूच आलं. आमच्या कोल्हापुरात एखाद्याचा समाचार घेतला म्हणजे त्याला झापलं! इथे मात्र अर्थ आहे, अनाथांकडे स्वतः जाऊन त्यांची विचारपूस करणं.

मग नाताळ आठवला. आमच्या तरुण संघाने बालगृहात केक नेला, गाणी म्हटली, सेल्फी काढले. निघताना एका मुलीने विचारलं, “दादा, परत कधी येणार?” “लवकरच,” मी म्हणालो. आता जुलै चाललाय.

पंडिता रमाबाईंचे आईवडील 1874 मध्ये दुष्काळात गेले, तेव्हा त्या 16 वर्षांच्या होत्या. उपासमार त्यांनी सोसलेली होती. म्हणूनच 1896-97 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुलींना आसरा दिला. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये या मुली नुसत्या जेवल्या नाहीत. लिहायला-वाचायला, विणायला, छापखाना चालवायलाही शिकल्या. तिथलं काम आजही चालू आहे.

मी काही केडगाव उभारणार नाही. पण बालगृहात फोन केलाय, दर शनिवारी दोन तास गणित शिकवायला जाणार. या वेळी केक नाही.

प्रभू, त्या मुलीचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं. शनिवारी तिला तोंड दाखवायचं धैर्य दे. आमेन.